नाईलवर आत्याबरोबर

आमच्या लोअर परळात नदी नाही. जुलै महिन्यात हिंदमाताला गुडघाभर जे वाहते त्याला नदी म्हणावे की नाही, हा भूगोल विभागाचा प्रश्न आहे आणि मी पडले इतिहासाची विद्यार्थिनी. तेव्हा नदीवरच्या प्रवासाबद्दल मी काही लिहावे याचे आमच्या वर्गातल्या मंडळींना हसू येईल. येऊ द्या. २०२४ च्या नोव्हेंबरात मी नाईल नदीवर चार दिवस आणि तीन रात्री बोटीत राहून आले आहे आणि एवढ्या भांडवलावर आपल्याकडे लोकांनी तीनशे पानांची प्रवासवर्णने लिहिली आहेत. मी वार्षिकाची चार-पाच पानेच मागते आहे.

ही बोट म्हणजे आपली भाऊच्या धक्क्यावरची लाँच नव्हे. चार मजल्यांचे तरंगते हॉटेल म्हणा. खाली भोजनगृह, मध्ये खोल्या, वर गच्ची आणि गच्चीत पोहण्याचा हौद. नदीच्या पाण्यात बोट, बोटीवर पुन्हा हौद आणि त्या हौदात पाणी, ही गोष्ट आत्याला शेवटपर्यंत पटली नाही. आस्वानहून निघून नदीच्या प्रवाहाबरोबर उत्तरेकडे लक्झरपर्यंत यायचे, सुमारे दोनशे किलोमीटर. एस. टी. ने गेले तर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचावे एवढे अंतर, ते मुद्दाम चार दिवस लावून कापायचे आणि त्याचे पैसे मोजायचे! यालाच क्रूझ म्हणतात. टॉमस कुक नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८६९ साली पहिली मंडळी इथे फिरायला आणली, तेव्हापासून हा धंदा चालू आहे. त्याच वर्षी सुएझचा कालवा उघडला आणि मुंबई युरोपला कितीतरी जवळ आली.

आता हे पैसे कुणाचे, ते सांगायला हवे, कारण घरात जे काही झाले ते त्यावरूनच झाले.

आत्या माझ्या वडिलांहून दहा वर्षांनी मोठी. लग्न केलेले नाही. एका पतपेढीत चौतीस वर्षे नोकरी करून २०२३ साली निवृत्त झाली. डिलाईल रोडच्या मागे आमची दहा बाय बाराची खोली, त्यात आजी होती तोवर आम्ही सहाजण आणि आता पाचजण. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा बाबांनी बदलापूरला एक जागा पाहून ठेवली होती. भाऊ बारावीत आहे, त्याला अभ्यासाला कोपरा नाही, सगळे खरेच होते. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत आमचे नाव अजून निघालेले नाही. आत्याने बदलापूरसाठी पैसे दिले. नाही दिले असे नाही. पण त्यातले साडेतीन लाख रुपये तिने बाजूला काढले आणि एका रविवारी भाकरी थापता थापता सांगितले, "मी इजिप्तला जाणार आहे. एकटीला खोलीचं भाडं दुप्पट पडतं, म्हणून पोरीला नेणार."

बाबा काही बोलले नाहीत. आमच्याकडे भांडणाची पद्धत तीच आहे. बाबा ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत आत्याशी जेवढ्यास तेवढे बोलले. आई मधल्यामध्ये निरोप पोचवी. दहा बाय बाराच्या खोलीत अबोला धरणे किती अवघड असते, हे ज्यांना स्वतंत्र खोल्या आहेत त्यांना कळायचे नाही.

इजिप्तच का? काशी, रामेश्वर राहिले, चारधाम राहिले, चाळीतल्या बायका म्हणू लागल्या. त्याचे उत्तर आबांकडे जाते. आबा, म्हणजे माझे आजोबा, लोअर परळच्याच एका गिरणीत साचेवाले होते. बारीक सुताचे तलम कापड विणायला आखूड धाग्याचा देशी कापूस चालत नाही, लांब धाग्याचा लागतो, आणि फाळणीत सिंध आणि पश्चिम पंजाब गेल्यावर तसला कापूस पिकवणारा मोठा प्रदेश आपल्या हातचा गेला. त्यामुळे इजिप्त, सुदान आणि पूर्व आफ्रिकेतून तो मागवीत. आबांनी एकदा तसल्या कापसाचा पुंजका खिशातून घरी आणला, आत्याच्या समोर दोन चिमटींत धरून हळूहळू ओढला आणि म्हणाले, "बघ, हा मिसरचा. तुटायला मागत नाही." आत्या तेव्हा चौथीत होती. नाईलचा नकाशा तिने भूगोलाच्या वहीत काढला होता, निळ्या शाईने. तेवढेच.

आमच्या मुंबईची आणि इजिप्तची कुंडली जुळते, हे मी नंतर वाचले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईना, तेव्हा दोन जागी सोन्याचा पाऊस पडला. एक मुंबई आणि दुसरे इजिप्त. युद्ध संपले आणि दोन्हीकडचा फुगा फुटला. मुंबईत १८६५ साली बॅक बेच्या भरावाचे शेअर कागदाच्या मोलाचे झाले, प्रेमचंद रायचंदांसारखा सट्ट्याचा राजा बुडाला. तिकडे खेदिव इस्माईलने कर्जे काढली, ती फिटली नाहीत आणि १८८२ साली इंग्रज देशात शिरले. परीक्षेत हे दोन वेगळ्या पेपरांत येते, त्यामुळे आपण ते कधी शेजारी ठेवून पाहत नाही.

आमच्या सहलीत अठ्ठावीस माणसे होती. पुणे, डोंबिवली, ठाणे, नाशिक. पहिल्या दिवशी ओळखीचा कार्यक्रम झाला. आत्याने "लोअर परळ" म्हणताच एक बाई डोळे मोठे करून म्हणाल्या, "अय्या, तिथे तर काय टॉवर आहेत हो! कुठल्या टॉवरमध्ये?" आत्या शांतपणे म्हणाली, "टॉवरच्या मागे." त्यांना वाटले हे कुठल्यातरी गृहसंकुलाचे नाव असावे. चार दिवस त्या आम्हाला फार मानाने वागवीत होत्या. आत्याने त्यांचा गैरसमज दूर केला नाही आणि खरे सांगायचे तर त्यात खोटे काही नव्हतेच. ज्या गिरण्यांच्या जागी ते टॉवर उभे राहिले त्यांतल्याच एकात बाबा वीजतंत्री आहेत, रोज सकाळी साडेआठला ते टॉवरमध्येच जातात.

बोटीतली खोली पाहून मात्र मी थक्क झाले. वैभवाने नव्हे, मापाने. पावलांनी मोजली तर आमच्या घराएवढीच भरली. दोन खाटा, कपाट, न्हाणी, मोठी खिडकी आणि आम्ही दोघीच. आत्या कितीतरी वेळ खाटेच्या कडेला बसून राहिली. मग म्हणाली, "आपल्याकडे यात पाचजण झोपतात, आणि तरी पाहुणा आला की जागा होते. इथे बॅगा ठेवायला जागा नाही म्हणतात लोक." दुसऱ्या दिवशी खोली साफ करणाऱ्या पोऱ्याने टॉवेलची घडी घालून एक मगर करून ठेवली. आत्याने ती मोडू दिली नाही, दुसरा टॉवेल मागून घेतला.

आस्वानला आम्ही मोठे धरण पाहिले. १९६० ला काम सुरू झाले आणि १९७० ला संपले. लांबी ३,८३० मीटर, उंची १११ मीटर. त्याच्या मागचे नासर सरोवर थेट सुदानात शिरते. आमचा वाटाड्या आकडे सांगत होता आणि पुण्याचे निवृत्त अभियंते वहीत उतरवून घेत होते. मग त्याने अबू सिंबेलची गोष्ट सांगितली. धरणाच्या पाण्यात रामसेसची देवळे बुडणार, म्हणून युनेस्कोने जगाला हाक दिली, देशोदेशींचे पैसे आले, आणि १९६४ ते १९६८ या काळात अख्खा डोंगर करवतीने कापून, देवळाचे तुकडे करून, पासष्ट मीटर वर नेऊन पुन्हा जोडले. फिलेचे देऊळही असेच शेजारच्या बेटावर हलवले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

आत्याने विचारले, "आणि माणसं?"

इथे थोडे मागे जावे लागेल. आमचे मूळ गाव जावळी तालुक्यात, कोयनेच्या काठी. आबा १९५६ साली मुंबईला आले ते बदली कामगार म्हणून, चार पैसे जोडून परत जायचे असे ठरवून. पण कोयनेचे धरण झाले, शिवसागर भरला आणि परत जायची जागाच पाण्याखाली गेली. खोऱ्यातली माणसे ठाण्याला, कुलाब्याला, सांगलीला, सोलापूरला, जिथे जमीन दाखवली तिथे गेली. काही चिवट माणसे तिथेच डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली. आमचे चुलत घराणे असे वर सरकलेले. लहानपणी आत्या उन्हाळ्यात गावी जायची ती बामणोलीहून लाँचने. बोटीत बसण्याचा तिचा अनुभव तेवढाच. पाणी उतरले की जुन्या घरांची जोती दिसत आणि आबा लाँचमधून बोट दाखवीत, ते आपलं अंगण, ती चावडी. कोयनेची वीज मुंबईला आली. आबा म्हणायचे, आपल्या शेतावर आता गिरणगावाचे दिवे लागतात. हे ते रागाने म्हणत की अभिमानाने, हे आत्यालाही सांगता येत नाही.

तर माणसांचे काय झाले? वाटाड्याने सांगितले. नूबिया नावाच्या त्या मुलखातली इजिप्तच्या बाजूची सुमारे पन्नास हजार माणसे १९६३-६४ मध्ये उठवून उत्तरेला कोम ओम्बोच्या परिसरात वसवली. सुदानच्या बाजूची पार दूर पूर्वेला गेली. नदीकाठच्या लोकांना नदीपासून लांब, सिमेंटच्या रांगांत. फिलेला जाताना आमची छोटी मोटरबोट चालवणारा काळासावळा, पन्नाशीचा माणूस नूबियनच होता. आत्याने वाटाड्याकरवी त्याला विचारले, उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा तुमचे गाव दिसते का? तो म्हणाला, नाही, तेवढे पाणी कधीच उतरत नाही. आत्या म्हणाली, "आमचं दिसतं." वाटाड्याने ते भाषांतर केले. तो माणूस आत्याकडे पाहत राहिला, मग त्याने सुकाणू एका हातात धरून दुसऱ्या हाताने तिला बसायला पुढची जागा दाखवली. मण्यांच्या माळा विकायला काढल्या होत्या, त्या त्याने आमच्यापुढे धरल्याच नाहीत.

संध्याकाळी बोट सुटली. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुतेक उत्तरेकडून दक्षिणेकडे, त्यामुळे जाताना शीड उभारावे आणि येताना प्रवाहावर सोडून द्यावे अशी निसर्गानेच सोय केली आहे. जुन्या चित्रलिपीत दक्षिणेला जाणे लिहायचे तर शिडाची होडी काढत आणि उत्तरेला जाणे लिहायचे तर बिनशिडाची. आम्ही बिनशिडाच्या दिशेने निघालो होतो. दोन्ही तीरांवर हिरव्या पट्ट्या, खजुरीची झाडे, त्यामागे लगेच पिवळा डोंगर आणि वाळवंट. काही ठिकाणी हिरवा पट्टा इतका अरुंद की एका बाजूने दुसरी दिसावी.

आत्या कठड्याला धरून कापूस शोधत होती. वाटाड्या म्हणाला, बाई, कापूस इथे नाही, तो खाली कैरोच्या पुढे, जिथे नदीला फाटे फुटतात तिथे. आणि आता वेचणीही झाली. इथे ऊस. खरेच, मैलोगणती ऊस. कोम ओम्बोला साखर कारखाना, एडफूला साखर कारखाना, उसाने भरलेल्या गाड्या. आत्या हसू लागली. "साताऱ्यासारखंच की गं! धरण झालं की ऊस येतो." साडेतीन लाख रुपये खर्चून ऊस पाहिला, हे तिने पुढे कितीतरी जणांना सांगितले.

देवळांबद्दल मी फार लिहीत नाही. कोम ओम्बोला एकाच देवळात दोन देव, एक ससाण्याच्या तोंडाचा आणि एक मगरीच्या, आणि शेजारी मसाला भरून ठेवलेल्या खऱ्या मगरी. एडफूला बोटीवरून देवळापर्यंत घोडागाड्या. मुंबईतल्या व्हिक्टोरिया उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानंतर बंद झाल्या, त्यांची आठवण आली आणि घोड्यांच्या बरगड्या पाहून तो निकाल योग्यच होता असेही वाटले. बाकी आपल्या ग्रंथालयात पुस्तके आहेत.

त्या रात्री खोलीत दिवा मालवल्यावर आत्या बोलू लागली. खिडकीबाहेर काठावरचे दिवे सरकत होते. घरी आम्ही दोघी जवळजवळ झोपतो, पण तिथे सगळ्यांना सगळे ऐकू जाते, म्हणून कुणी काही बोलत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आत्या पहिल्या वर्षाला होती. कला शाखा, विषय इतिहास. अडीच लाख कामगार बाहेर पडले. दोन महिन्यांत मिटेल असे सगळे म्हणत. आबा रोज सकाळी भोंग्याच्या वेळेला उठत, भोंगा होत नसे तरी. मार्चमध्ये भांडी गेली, एप्रिलमध्ये आजीच्या पाटल्या. काही शेजारी गावी गेले. आमचे गाव पाण्यात. "आबांनी मला नाव काढ असं कधीच म्हटलं नाही," आत्या म्हणाली. "कुणीच म्हटलं नाही. जूनमध्ये दुसऱ्या वर्षाची फी भरायचा दिवस होता. मी सकाळी वेणी घातली, वही घेतली आणि जिन्यापर्यंत गेले. मग परत आले आणि शेजारच्या काकूंकडे काजं-बटणं करायला बसले. आबांनी पाहिलं. ते काही बोलले नाहीत. तुझा बाप नऊ वर्षांचा होता, त्याला वाटलं आत्ताच कॉलेजला सुटी लागली."

मी विचारले, "बाबांना ठाऊक आहे?"

"त्याला ठाऊक आहे, म्हणून तर बोलत नाही. त्याचं आय. टी. आय. माझ्या पगारातून झालं. त्याला वाटतं, आक्काने सगळं दिलं, आता शेवटी हिशेब का मागते. मी हिशेब मागत नाहीये गं. मला नुसतं जायचं होतं."

संप कुणी मागे घेतला नाही, तो तसाच विरून गेला. आबांना पुन्हा कामावर घेतले नाही. १९९८ साली ते गेले.

तिसऱ्या दिवशी एस्ना आले. इथे नदीवर बंधारा आहे आणि बोट एका कुलूपबंद हौदात घेऊन, पाणी सोडून, खालच्या पातळीला उतरवतात. रांग असते, थांबावे लागते. आणि थांबलेल्या बोटींना गाठायला कापडवाले विक्रेते लहान होड्या वल्हवत येतात. खालून ओरडतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले गलबिये, चादरी, टेबलाची कापडे थेट चौथ्या मजल्याच्या गच्चीवर भिरकावतात! काय नेम! आवडले तर पैसे त्याच पिशवीत घालून खाली टाकायचे, नाही तर कापड परत फेकायचे. विश्वासावर चाललेला असला बाजार मी दादरलाही पाहिला नाही.

एक पिशवी आत्याच्या पायाशी पडली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेले, शंभर टक्के इजिप्शियन कापूस. आत्याने चादर काढली, कोपरा चिमटीत धरून चोळला, उन्हाकडे धरला, मग कडेचा एक दोरा ओढून त्याचा पीळ उलगडला आणि ताणला. तो तुटेना. "पॉलिएस्टर," ती म्हणाली. "असला आपल्या भिवंडीला निघतो." आणि पदर खोचून तिने ती पिशवी अशी नेमकी परत फेकली की विक्रेत्याच्या हातात. तो खूष होऊन ओरडला, "अमिताभ बच्चन!" तिकडे कुणीही भारतीय दिसला की हे नाव घेतात. दुसरी पिशवी आली. तीही परत. तिसरी आली. तोवर गच्चीवरची अर्धी मंडळी आपापली खरेदी आत्यापुढे तपासायला घेऊन आली होती. टॉवरवाल्या बाईंनी घेतलेले चार गलबिये तिने एका दृष्टिक्षेपात बाद केले. आबांचा हात मी पाहिलेला नाही, माझ्या जन्माआधी ते गेले. पण दोन चिमटींत सूत धरून डोळे बारीक करणारी आत्या मी कधी पाहिली नव्हती. पतपेढीत तिला नोटाच मोजाव्या लागत.

पाचव्या फेरीत एक साधी पांढरी चादर आली. दोरा उलगडला तसा तो सुटला, लांब लांब तंतू निघाले. आत्या काही म्हणाली नाही. तिने बोटांनी भाव केला, खालून त्याने बोटांनी भाव केला, पैसे पिशवीतून खाली गेले.

लक्झरला बोटी धक्क्याला एकीला एक लावून चार-चार, पाच-पाच उभ्या करतात. किनाऱ्यावर जायचे तर दुसऱ्यांच्या बोटींच्या दिवाणखान्यांतून चालत जायचे आणि खिडकी उघडली की समोर नदी नाही, शेजारच्या बोटीतल्या माणसाचे दाढी करणारे तोंड. आत्या म्हणाली, "झालं, आली चाळ!" कर्नाकचे एकशे चौतीस खांब आम्ही पाहिले, राजांच्या थडग्यांत उतरलो, कैरोला पिरॅमिड झाले, आणि पहाटेच्या विमानाने मुंबईला आलो.

बाबा न्यायला येतील असे ठरले नव्हते. दारात उभे होते, रात्रपाळी करून तसेच आलेले. त्यांनी आत्याच्या हातातली बॅग घेतली. टॅक्सीत पुढच्या सीटवर बसले. वाकोल्यापर्यंत कुणी बोलले नाही. मग मागे न वळता म्हणाले, "आक्का, ते धरण बघितलंस?"

"बघितलं."

"कोयनेपेक्षा मोठं?"

"एकशे अकरा मीटर उंच."

"म्हणजे आठच मीटर जास्त. कोयना एकशे तीन आहे."

"लांबीला आपल्या चौपटीच्या वर आहे पण. मातीचं आणि दगडाचं, लांबच लांब. आणि मागं पाणी, नजर पोचत नाही. त्यांची गावं उन्हाळ्यातसुद्धा वर येत नाहीत, म्हणतात."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

बाबा वळून बसले. "आपलं अंगण मी एकदाच बघितलंय," ते म्हणाले. "आबांनी लाँचमधून दाखवलं होतं. तू होतीस ना गं तेव्हा? जोत्याच्या कडेला काय होतं ते, वृंदावन की उखळ?"

"उखळ," आत्या म्हणाली. "वृंदावन मागं होतं."